बारा डिसेंबरचं रक्त

आजही नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, "बाटली मिळंल का, साहेब?" मी अंबाजोगाईत रक्तपेढीच्या कामाला लागलो तेव्हा ती खरोखरच बाटली होती. काचेची, रबरी बुचाची, आत रक्त गोठू न देणारं एसीडीचं द्रावण. रक्त टिके २१ दिवस. घटक वेगळे करायला बूच उघडावं, तर जंतूंना वाट मोकळी. म्हणून बाळंतिणीला तीच अख्खी बाटली आणि नुसत्या प्लेटलेट हव्या असलेल्या डेंग्यूच्या पोरालाही तीच.

रक्त लागायचंही भरपूर. १९७४ साली इथं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं (आशियातलं पहिलं ग्रामीण, असं गावात अभिमानानं सांगतात) आणि केज, धारूर, परळीची गाडी इकडं वळली. पैसे घेऊन रक्त देणारेही तेव्हा होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानं १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं, आणि सगळी भिस्त शिबिरांवर आली.

काचेची जागा प्लॅस्टिकच्या पिशवीनं घेतली. ही युक्ती १९५० च्या सुमाराची, बोस्टनच्या कार्ल वॉल्टर या शल्यविशारदाची. आमच्यापर्यंत यायला तिला चाळीसेक वर्षं लागली. एका पिशवीला नळीनं जोडलेल्या आणखी दोन-तीन पिशव्या. हवा न लागता रक्त इकडून तिकडं जातं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरून रक्ताचे थर झाले की पिशवी अलगद उचलायची. हिसका बसला की थर पुन्हा एक. मग ती प्रेसमध्ये धरायची, पिवळा प्लाझ्मा वर चढू द्यायचा आणि तांबडी कड नळीच्या तोंडाशी येते न येते तोच क्लॅम्प लावायचा. पापणी लवली की प्लाझ्मा लाल. आता यंत्राचा प्रकाश-डोळा ती कड ओळखतो, क्लॅम्प आपोआप बसतो, नळीही तेच सील करतं. माझ्या डोळ्यांपेक्षा त्याचा डोळा चांगला, हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

पण पिशवी आली तरच यंत्र चालणार. रक्त सहा-आठ तासांत यावं लागतं, आणि प्लेटलेट हव्या असतील तर गार न करता. एकदा घाटापलीकडच्या शिबिराचं सगळं रक्त जुन्या सवयीनं बर्फात आलं. तांबड्या पेशी मिळाल्या, प्लेटलेट गेल्या.

आमच्या जिल्ह्याचा मोठा दिवस १२ डिसेंबर. शरद पवारांचा जन्म १९४० चा, गोपीनाथ मुंड्यांचा १९४९ चा, तारीख एकच. दोन्हीकडचे कार्यकर्ते "साहेबांचा वाढदिवस" म्हणत; कुठले साहेब ते बॅनर पाहून कळे. मुंडेसाहेब २०१४ ला गेले, आता त्यांची जयंती असते. त्या दिवशी दोन्हीकडची रक्तदान शिबिरं, फ्रीजमध्ये हात घालायला जागा नसते. उणे ३० अंशांत गोठवलेला प्लाझ्मा पुढच्या बारा डिसेंबरपर्यंत राहतो. तांबड्या पेशी नव्या द्रावणात ४२ दिवस, म्हणजे २३ जानेवारीपर्यंत; तो बाळासाहेब ठाकऱ्यांचा जन्मदिवस, त्यामुळं तिथं पुढची सोय होते. प्लेटलेट मात्र २२ अंशांत, हलत्या रॅकवर, पाचच दिवस. सतरा तारखेला संपल्या.

डेंग्यू येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. पोराचा बाप खिडकीशी उभा राहतो. "पांढऱ्या पेशी हायत का?" त्याला प्लेटलेट म्हणायच्या असतात. मी रजिस्टर उघडत नाही, मोबाईल काढतो. कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांचे नंबर त्यात आहेत.