छपाईआधीचा शोध

विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण शोधाचे वर्ष सांगतो. पण शोध लागला त्याच दिवशी तो सर्वांना कळतो असे नाही. शोधनिबंध नियतकालिकाकडे जातो, तज्ज्ञ तो तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या होतात आणि मग तो छापला जातो. यात महिने जातात, कधी वर्षही उलटते. तोवर निबंधाची प्रत सहकाऱ्यांना वाचायला द्यायची, ही पद्धत जुनीच. या प्रतीला ‘प्रीप्रिंट’ म्हणतात.

१९६१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जीवशास्त्रातील अशा प्रती संशोधकांमध्ये वाटण्याचा प्रयोग सुरू केला. त्यात ३,६०० हून अधिक जण सहभागी झाले. पण अशा रीतीने आधीच फिरलेले लेख छापायला नियतकालिकांनी नकार दिला आणि १९६७ मध्ये प्रयोग थांबला.

भौतिकशास्त्रात मात्र ही पद्धत टिकली. तरी टपालाने येणाऱ्या प्रती मुख्यतः मोठ्या, नामवंत संस्थांनाच मिळत. ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी या प्रती संगणकावर ठेवल्या. पुढे ‘आर्काइव्ह’ नावाने प्रसिद्ध झालेला हा संग्रह कोणालाही मोफत वाचता येतो.

याचा लाभ काय? ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे ठरवण्याची नवी रीत इंटरनेटवर जाहीर केली. काही दिवसांतच जगभरच्या गणितज्ञांनी ती पडताळली. इतरांच्या सूचनांनी सिद्धता आणखी सोपी झाली. नियतकालिकात ती छापून आली २००४ मध्ये!

दुसरी बाजूही पाहू. ३१ जानेवारी २०२० रोजी ‘बायोआर्काइव्ह’ या संग्रहात एक प्रीप्रिंट आले. नव्या करोना विषाणूतील काही भागांचे एड्सच्या विषाणूशी असलेले साम्य योगायोगाचे नसावे, असे त्यात सुचवले होते. इतके छोटे तुकडे इतर अनेक सजीवांतही सापडतात, हे शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिले. २ फेब्रुवारीला लेखकांनी निबंध मागे घेतला. दोन दिवसांत चूक सुधारली. पण तेवढ्यात उठलेली अफवा काही मागे घेता आली नाही.

म्हणून प्रीप्रिंट वाईट का? आम्हाला तसे वाटत नाही. चूक उघड्यावर होती, म्हणूनच ती इतक्या लवकर सापडली. शिवाय छापलेला निबंधही चुकू शकतो. फरक एवढाच की प्रीप्रिंट म्हणजे अजून न तपासलेली उत्तरपत्रिका. ती वाचायला हरकत नाही. तिच्यावरून निकाल लावू नये. ‘शास्त्रज्ञांनी शोधले आहे’ अशी बातमी एखाद्या मुलाने वर्गात आणली, तर आपण एवढेच विचारावे : हे आणखी कोणी तपासले आहे का?