दोन जहाजे, एक किनारा आणि बोलिंगचा चेंडू

१/
१९५३ च्या शरद ऋतूत कॅनडातील ओंटारियो सरोवरात नौदलाच्या दोन माईनस्वीपर फिरत होत्या. शत्रू नव्हता आणि समुद्रही नव्हता. होते ते गोडे पाणी. तरीही एका नौकेच्या रडारवर टिपलेले लक्ष्य दुसऱ्या नौकेच्या पडद्यावर उमटत होते, आणि त्यासाठी कोणालाही तोंडातून एक शब्द काढावा लागत नव्हता. जहाजांवरील संगणक बिनतारी दुव्याने एकमेकांशी बोलत होते. या यंत्रणेचे नाव ‘डेटार’ : डिजिटल ऑटोमेटेड ट्रॅकिंग अँड रिझॉल्व्हिंग.

२/
याची निकड कोठून आली हे समजण्यासाठी बारा वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १९४१. ‘एससी-४२’ हा साठाहून अधिक व्यापारी जहाजांचा काफिला कॅनडाहून ब्रिटनकडे निघाला होता. ग्रीनलंडजवळ जर्मन पाणबुड्यांच्या टोळीने त्याला गाठले, तेव्हा रक्षणाला कॅनडाची एक विनाशिका आणि तीन कॉर्व्हेट एवढ्याच नौका होत्या. पंधरा-सोळा जहाजे बुडाली. रक्षक थोडे होते हे तर खरेच. पण जे होते त्यांच्यापैकी कोणालाही रणक्षेत्राचे संपूर्ण चित्र दिसत नव्हते, हेही तितकेच खरे.

३/
प्रत्येक जहाज स्वतःला केंद्रस्थानी मानून जग पाहते. एका कप्तानाच्या दृष्टीने ‘उजवीकडे चार मैल’ असलेली पाणबुडी दुसऱ्याच्या दृष्टीने मागे सात मैलांवर असू शकते. म्हणून रेडिओवर ऐकलेली प्रत्येक दिशा आणि प्रत्येक अंतर आपल्या स्थानानुसार पुन्हा मोजून, टेबलावरील कागदावर पेन्सिलीने मांडावे लागे. लक्ष्ये दोन-तीन असली तर हे जमते. डझनभर असली, सगळी हलत असली, आपले जहाजही वळणे घेत असले आणि रात्र असली, तर पेन्सिल मागे पडते. खूण कागदावर उमटेपर्यंत पाणबुडी पुढे सरकलेली असे.

४/
१९४८ मध्ये कॅनडाच्या नौदलातील संशोधन अधिकारी जिम बेलिया यांनी या दुखण्यावर उपाय मांडला : माणसाने माणसाला सांगायचे, ही पायरीच काढून टाकावी. काम फेरांटी कॅनडा या कंपनीकडे गेले. तेथील अभियंता केनयन टेलर यांनी माहिती ‘पल्स कोड मॉड्युलेशन’ने पाठवायचे ठरवले, म्हणजे मोजमापाचे आकडे करायचे आणि आकड्यांचे स्पंद. स्पंद एक तर असतो किंवा नसतो. वादळात, खरखरीत आवाज ओळखता येत नाही. स्पंद मात्र ओळखता येतो. आजच्या वाय-फायचे तंत्र कितीतरी निराळे असले तरी ही मूळ कल्पना त्यातही आहे.

५/
आता चेंडू. रडारच्या पडद्यावरील ठिपका यंत्राला दाखवायचा कसा? टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि टेलर यांनी कॅनडात लोकप्रिय असलेल्या ‘फाइव्ह-पिन’ बोलिंगचा चेंडू घेतला. हा चेंडू लहान असतो आणि त्याला बोटांसाठी भोके नसतात. तो खाचेत बसवून तळव्याने फिरवला की पडद्यावरची खूण सरके. ती ठिपक्यावर आणून कळ दाबली, की स्थान संगणकात नोंदले जाई आणि रेडिओने इतर जहाजांना मिळे. प्रत्येक जहाजावरील यंत्र ते स्थान आपल्या केंद्रानुसार आपणच बदलून घेई. ज्या आकडेमोडीत पेन्सिल हरत होती, ती हीच. चुंबकीय ड्रमवर ५०० लक्ष्यांची नोंद मावे.

६/
ओंटारियो सरोवरातील चाचणीत नौका दोनच होत्या. तिसऱ्या जहाजाची भूमिका किनाऱ्यावरील केंद्राने वठवली. चित्र जुळले. अडचण निघाली ती यंत्राच्या पोटात. एका नौकेवरील यंत्रात सुमारे ३,८०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या तापत आणि जळत. छोट्या जहाजाच्या पोटात इतकी उष्णता आणि वारंवार बदलाव्या लागणाऱ्या नळ्या सांभाळत युद्ध करायचे, ही कल्पनाच अवघड होती.

७/
शिवाय पैसा. मोजक्या जहाजांसाठी असा खर्च एकट्या कॅनडाला पेलणारा नव्हता. ब्रिटन आणि अमेरिका सामील झाले असते तर गोष्ट निराळी होती; पण दोघांनीही आपापली वाट धरली. ही कथा बहुधा ‘कॅनडाची हुकलेली संधी’ म्हणून सांगितली जाते. तसे म्हणणे अर्धवटच ठरते. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्येच लागला होता, पण जहाजावरच्या संगणकात भरवशाने वापरावा इतका तो १९५३ मध्ये पक्व झाला नव्हता. डेटारची कल्पना वेळेआधी आली. दिल्लीदरबारी वजन असते तरी नळ्या थंड झाल्या नसत्या.

८/
ट्रान्झिस्टर हाताशी येताच अमेरिकी नौदलाने तेच साधले. १९५५-५६ पासून इर्विन मॅक्नॅली आणि एडवर्ड स्वेन्डसन या अधिकाऱ्यांनी ‘नेव्हल टॅक्टिकल डेटा सिस्टम’ची पायाभरणी केली. तिच्या सुरुवातीच्या संगणकाच्या रचनेत सेमूर क्रे होते. पुढे महासंगणकांमुळे गाजलेले तेच क्रे. १९६१-६२ मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका आणि किंग व मॅहन या युद्धनौकांवर यंत्रणेची परीक्षा झाली. त्यांना जोडणारा रेडिओ दुवा ‘लिंक-११’ या नावाने नाटोच्या नौदलांत पुढची कित्येक दशके राहिला.

९/
चेंडूचे काय झाले? काम लष्करी गुपित असल्यामुळे त्याचे पेटंट घेतले गेले नाही. (ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्येच असा गोळा योजला होता, तोही गुप्त. त्यामुळे ‘पहिला कोणाचा’ या वादात दोघांचे समर्थक आजही सापडतात.) डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत संगणकाचा माऊस तयार झाला, तो त्यानंतर दशकभराने.

१०/
फेरांटी कॅनडाने मिळालेला अनुभव वाया जाऊ दिला नाही. तिने कॅनडाच्या विमान कंपनीसाठी ‘रिझर्व्हेक’ ही आरक्षण यंत्रणा बांधली आणि पाठोपाठ ‘एफपी-६०००’ हा संगणक. त्याची रचना ब्रिटनच्या आयसीटी कंपनीकडे गेली आणि तिच्यावरून ‘१९००’ ही संगणकांची मालिका निघाली. ही कंपनी पुढे विलीनीकरणातून आयसीएलचा भाग झाली, आणि त्या मालिकेतील ‘१९०१ए’ या यंत्राची जुळणी पुण्यात होऊ लागली.