'उतारी कोणाची? हुकूम काय?' मेंढीकोटच्या डावात ऐकू येणाऱ्या शब्दांचा नेमका अर्थ काय?

गणपतीतलं जागरण असो, मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार असो की मुंबईच्या लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर मांडलेला डाव असो, काही वाक्यं हमखास कानावर पडतात. 'उतारी कोणाची?' 'हुकूम काय?' 'अरे, मेंढी घालवलीस!'

नेहमी खेळणाऱ्यांना यात काही विशेष वाटत नाही. पण चौथा भिडू कमी पडला म्हणून ज्याला ओढून बसवलेलं असतं, त्याची पंचाईत होते. गंमत म्हणजे मेंढीकोटचे नियम या शब्दांतच दडलेले आहेत. शब्द कळले की खेळ निम्मा कळतो.

भिडू म्हणजे कोण?

मेंढीकोट (काही जण मेंडीकोट म्हणतात) साधारणपणे चौघांत खेळला जातो. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू, म्हणजे एकाच बाजूचे खेळाडू. अट एकच, भिडूला आपली पानं सांगायची नाहीत आणि खुणाही करायच्या नाहीत. तुमच्या हातात काय आहे, हे त्याने तुम्ही टाकलेल्या पानांवरूनच ओळखायचं.

हा शब्द पत्त्यांपुरता राहिलेला नाही. मैदानी खेळांतही तो आहे आणि मुंबईच्या बोलीत तर 'भिडू' म्हणजे थेट दोस्त. अभिनेते जॅकी श्रॉफ यांची तर ती ओळखच झाली. 2024 मध्ये त्यांनी आपल्या नावाच्या आणि ओळखीच्या गैरवापराविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा संरक्षण मागितलेल्या शब्दांत 'भिडू'ही होता.

पिसणे, काटणे, वाटणे

52 पानांचा कॅट आधी पिसला जातो, म्हणजे पानं एकमेकांत मिसळली जातात. मग दुसरा कुणीतरी तो काटतो, म्हणजे गठ्ठ्याचे दोन भाग करून खालचा भाग वर ठेवतो. पिसणाऱ्याने मुद्दाम पानं लावली असतील, तर ती इथे विस्कटतात. त्यानंतर प्रत्येकाला 13 पानं वाटली जातात.

पानांना आकड्यांवरून घरगुती नावं आहेत. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी आणि दश्शी. त्यांच्यावर गुलाम, राणी, राजा आणि सगळ्यांत वर एक्का. गावागणिक यातल्या काही नावांचे उच्चार थोडे बदलतात.

'रंग' म्हणजे लाल-काळा नव्हे

नवख्याची पहिली गफलत इथे होते. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर हे चार वेगवेगळे रंग आहेत. बदाम आणि चौकट दोन्ही लाल दिसत असले, तरी बदामवर चौकट चालत नाही.

उतारी आणि हात

चौघांनी एकेक पान टाकलं की एक 'हात' पूर्ण होतो. 13 पानं म्हणजे एका डावात 13 हात. हाताची सुरुवात करणं म्हणजे उतारी. ज्याची उतारी असते, तो हवा तो रंग खेळू शकतो. बाकीच्यांनी तोच रंग द्यायचा. त्या रंगात सर्वांत मोठं पान टाकणारा हात जिंकतो आणि पुढची उतारी त्याची होते.

हातात रंग असूनही दुसरंच पान टाकणं ही या खेळातली सर्वांत मोठी चूक. ती पुढच्या एखाद्या हाताला उघडी पडतेच, आणि मग डाव बाजूला राहून भांडण सुरू होतं.

हुकूम कसा ठरतो?

'हुकूम' हा मूळ अरबी शब्द. अर्थ आज्ञा. इराणमध्ये जोडीने खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या एका लोकप्रिय खेळाचं नावच 'हुक्म' आहे. पत्त्यांत हुकूम म्हणजे इतर तिन्ही रंगांवर सत्ता गाजवणारा रंग. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. पण हातात चालू रंग नसेल, तरच हुकमाने कापता येतं.

मेंढीकोटमध्ये हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती जास्त चालतात.

कट हुकूम: डाव हुकमाशिवाय सुरू होतो. एखाद्याकडे चालू रंगाचं पान नसलं की तो दुसरं पान टाकतो. ते ज्या रंगाचं असेल, तो रंग त्या डावाचा हुकूम.

बंद हुकूम: एक खेळाडू आपल्यातलं एक पान पालथं ठेवतो. ज्याच्याकडे चालू रंग नसेल, तो हुकूम उघडायला सांगू शकतो. तोपर्यंत हुकूम कुठला, हे फक्त पान ठेवणाऱ्यालाच माहीत असतं.

राजकारणाच्या आणि क्रिकेटच्या बातम्यांत सतत भेटणारा 'हुकमी एक्का' इथलाच. हुकमाच्या एक्क्याला मारणारं पान कॅटमध्ये नाही. म्हणून ज्याच्या यशाबद्दल शंकाच नाही, तो हुकमी एक्का.

मेंढी म्हणजे दश्शी

आता खेळाचा जीव. इथे सगळी धडपड चार दश्शींसाठी असते आणि दश्शीलाच मेंढी म्हणतात. एक्का, राजा, राणी आणि गुलाम अशी चार पानं तिच्या वर असल्यामुळे ती स्वतःच्या बळावर सहसा तरत नाही. तिला भिडूच्या मोठ्या पानाचा आधार लागतो.

समजा, भिडूने बदामचा एक्का उतरला. तुमच्याकडे बदामची दुर्री आणि दश्शी आहे. दश्शी टाकली आणि हात भिडूचा झाला, तर मेंढी घरात आली. पण तुमच्यानंतर समोरच्या जोडीतला एक जण अजून खेळायचा आहे. त्याच्याकडे बदाम नसेल आणि त्याने हुकमाने कापलं, तर मेंढी गेली. बदाम पहिल्यांदाच खेळला जात असेल, तर हा धोका कमी. तोच रंग दुसऱ्या-तिसऱ्यांदा फिरत असेल, तर धोका वाढतो. म्हणून मुरलेले खेळाडू कुठल्या रंगाची किती पानं पडली, हे मनात मोजत असतात.

कोट कधी लागतो?

तीन मेंढ्या मिळवणारी जोडी डाव जिंकते. दोन-दोन झाल्या, तर ज्यांचे सात किंवा जास्त हात, ते जिंकले. चारही मेंढ्या एकाच जोडीकडे गेल्या, तर समोरच्यांवर कोट लागला, म्हणजेच मेंढीकोट. तेराही हात एकाच जोडीने घेतले, तर सगळी 52 पानं तिच्याकडे जातात. म्हणून तो बावन्न पानी कोट. त्याची चर्चा मात्र पुढच्या सुट्टीपर्यंत पुरते.

हे शब्द कुठल्या पुस्तकातून नाही, तर खेळता खेळता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले. मोबाइलवर खेळणाऱ्यांच्या कानावर आता 'ट्रिक' आणि 'ट्रम्प' जास्त पडतात. स्क्रीनवर चुकीचं पान टाकूही दिलं जात नाही. त्यामुळे नियम विचारण्याची वेळच येत नाही आणि त्यासोबत येणारे शब्दही कानावर पडत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी चौथा भिडू म्हणून बसवलं, तर पानं उचलण्याआधी एवढंच विचारा, 'कट हुकूम की बंद हुकूम?' समोरच्याला लगेच कळेल की हा भिडू अगदीच नवखा नाही.