चढायचे कुणी, ओढायचे कुणी?

गेल्या जानेवारीत नरडाण्याहून सुरतेची गाडी धरून आम्ही चौघे मजल दरमजल करत गुलमर्गला पोचलो. पुतण्या स्कीइंग शिकलेला, सूनबाई बर्फ पहिल्यांदाच पाहणारी, मी पन्नाशी उलटलेला आणि थोरल्या वहिनी सत्तरीच्या, गुडघ्यांनी थकलेल्या. पुतण्या गोंडोल्याने वर गेला, सूनबाई शिकवणाऱ्याचा हात धरून छोट्या उतारावर घसरू लागली. वहिनींना आणि मला लाकडी स्लेजवर बसवून दोन माणसांनी दोरीने ओढत नेले. थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊ, आपण बसलोय अन् तो धापा टाकतोय. याला सहल म्हणायची का?’’

तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो आणि पुस्तके चाळू लागलो.

आल्प्समधल्या बर्फाच्या सुट्टीचा एक धागा हिंदुस्थानातून जातो. हेन्री लन मिशनरी म्हणून इकडे आले होते. त्यांचा मुलगा अर्नोल्ड १८८८ साली मद्रासला जन्मला. मायदेशी परतल्यावर हेन्रींनी इंग्रज कुटुंबांना स्वित्झर्लंडला नेण्याचा व्यवसाय उभारला. अर्नोल्डने १९२२ मध्ये म्युरेनला आधुनिक स्लॅलम शर्यत भरवली. पण त्या काळी घसरायचे तर बहुतेक ठिकाणी आधी चढावे लागे. स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याच्या पट्ट्या बांधून तासन्‌तास चढायचे आणि काही मिनिटांत उतरायचे. अशी सुट्टी धडधाकटांचीच असणार. १९३४ मध्ये दावोसला फिरत्या दोरावरच्या दांड्याची लिफ्ट सुरू झाली. दांडा पाठीमागे टेकवला की माणूस आपोआप वर जाई. पुढे उतारांनाही रंग मिळाले : निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. नवशिका आणि पारंगत एकाच डोंगरावर सुट्टी घालवू लागले, कारण ओढण्याचे काम यंत्राकडे गेले होते.

गुलमर्गला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब काढला. गोंडोला मात्र कोंगडोरीपर्यंत १९९८ मध्ये आणि अफरवाटपर्यंत २००५ मध्ये पोचला. पुतण्याला त्याने तेरा हजार फुटांच्या आसपास नेले. खाली वहिनींसाठी मात्र माणसाचेच खांदे होते.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण हाच हिशेब माथेरानला होता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ते ठिकाण हेरले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर गेली. गावात मोटारींना बंदी, म्हणून ज्याला चालवत नसे त्याला घोडा किंवा हातरिक्षा घ्यावी लागे. पुढून ओढणारा माणूस, मागून ढकलणारा माणूस. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात अशी योजना आखायला सांगितले.

सगळ्या कुवतीच्या माणसांची सहल ही चांगलीच गोष्ट आहे. पण कमी पडलेले बळ कुणीतरी पुरवतच असते. दावोसला ते विजेने पुरवले, आपल्याकडे दीर्घकाळ माणसाने.

माथेरानच्या निकालाचे कात्रण मी वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून विचारले, ‘‘रिक्षा त्याच्याच नावावर करून देतील ना?’’

इतिहासाच्या पुस्तकांत मी इतके दिवस वर पोचलेल्यांचीच नावे शोधत होतो. वहिनींनी विचारले ते ओढणाऱ्याबद्दल.