चिमुकल्यांचा तह

लढाया थांबविण्यासाठीं तह होतात हें आपणांस ठाऊक आहे. परंतु इंग्लंडांत एके काळीं मुलांच्या निजण्यासाठीं एक तह पाळला जात असे. तो मोडला कसा, याची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

बी. बी. सी. ची दूरचित्रवाणी १९३६ सालीं सुरू झाली, महायुद्धांत बंद पडली आणि जून १९४६ मध्यें पुन्हा चालू झाली. मुलांचा कार्यक्रम सायंकाळीं सहा वाजतां संपला कीं पडदा काळा होई, तो सातपर्यंत तसाच राही. या तासाभरांत आयांनीं लेंकरांस बिछान्यांत न्यावें व मोठ्या भावंडांनीं शाळेचा अभ्यास उरकावा, असा संकेत होता. या रिकाम्या तासाला तिकडे ‘टॉडलर्स ट्रूस’ म्हणत; आपण त्याला चिमुकल्यांचा तह म्हणूं.

२२ सप्टेंबर १९५५ रोजीं जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी लंडनमध्यें अवतरली आणि तहाला सुरुंग लागला. बी. बी. सी. चा खर्च परवान्याच्या शुल्कावर चाले. तास रिकामा राहिला तर तिचे पैसे वांचत. नव्या कंपन्यांचें मात्र त्या तासाचें उत्पन्न बुडे. त्या वेळचे पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल हे स्वतः डॉक्टर, युद्धकाळांत ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून घराघरांत गाजलेले. मुलांना वेळेवर निजविणें हें आईबापांचें काम आहे, सरकारचें नव्हे, असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि १६ फेब्रुवारी १९५७ रोजीं तह संपुष्टांत आला. तो शनिवार होता. त्याच सायंकाळीं बी. बी. सी. नें त्या तासांत तरुणांसाठीं गाण्याबजावण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. हिल यांचा मुद्दा खोटा नव्हता. परंतु आईबापांवर जबाबदारी टाकतांना त्यांच्या हातचें एक साधन काढून घेण्यांत आलें, हें मला विसरतां येत नाहीं.

मुलांवरील परिणामांची मोठी चौकशी ग्रंथरूपानें बाहेर पडली ती त्यानंतर, १९५८ सालीं. मानसशास्त्रज्ञ हिल्डे हिमेलवाइट व त्यांचे दोन सहकारी यांनीं दूरचित्रवाणी पाहणारीं मुलें घेतलीं आणि वय, बुद्धि व सामाजिक थर यांत त्यांच्या जोडीचीं तितकींच न पाहणारीं मुलें निवडलीं. पण जीं कुटुंबें आधीं यंत्र घेतात, तीं मुळांतच निराळीं असतील तर? म्हणून नॉर्विच शहरीं दूरचित्रवाणी पोंचण्यापूर्वींच मुलांची तपासणी करून ठेविली, व घरांत यंत्र आल्यावर त्याच मुलांची पुन्हा केली. तेव्हां कांहीं फरक यंत्र येण्यापूर्वींचेच होते, असें आढळलें. “टी. व्ही. नें पोर बिघडलें” अशी तक्रार घेऊन येणारे पालक मीं शिक्षकी पेशांत पुष्कळ पाहिले, नॉर्विचची ही गोष्ट त्यांस सांगावी असें मनांत येई.

मुलें दिवसाला सुमारें दोन तास पडद्यापुढें बसत. दुसऱ्या कोणत्याही एका करमणुकीस इतका वेळ मिळत नसे. रेडिओ मागें पडला. पुस्तकांचें वाचन प्रथम घटलें, पण कालांतरानें सावरलें. मारामारीचीं दृश्यें पाहून सामान्य मूल दांडगें होतें, असा पुरावा त्यांस मिळाला नाहीं. (अमेरिकेंत आल्बर्ट बांडुरा यांच्या १९६३ च्या प्रयोगानें, पडद्यावरील मारझोडीचें मुलें अनुकरण करतात असें दाखविलें, पण तो स्वतंत्र विषय आहे.) भीति मात्र आढळली, आणि तीही चमत्कारिक: बंदुकीच्या गोळीबारापेक्षां सुरीचा वार मुलांस अधिक घाबरवी.

निजण्याची वेळही थोडी पुढें गेली होती. मुलांचे आवडते कार्यक्रम पुष्कळसे मोठ्यांसाठींच केलेले, म्हणजे तहाचा तास उलटून गेल्यावर दिसणारे होते. आणि ज्या घरीं आईबाप फार वेळ पाहत, तेथें मुलेंही फार वेळ पाहत.