बुचोनची कुळकथा

'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९चा चित्रपट बघताना जुन्या विमानांचा वेडा माणूस जर्मन लढाऊ विमानाच्या नाकाकडे आधी बघतो. १९४०च्या खऱ्या मेसरश्मिट १०९चं इंजिन उलटं बसवलेलं असे. सिलिंडर खालच्या बाजूला, म्हणून धुराची नळकांडीही नाकाच्या खालच्या अंगाला. पडद्यावरच्या विमानाची नळकांडी वर आहेत आणि हनुवटी चांगलीच फुगलेली आहे. आत रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन आहे, म्हणजे स्पिटफायरला आकाशात नेणारं तेच. शत्रूच्या विमानात ब्रिटिश इंजिन आलं कुठून?

त्याचं उत्तर स्पेनमध्ये सापडतं. १९४२च्या सुमारास सेव्हिलच्या इस्पानो आविआसिओन कंपनीला मेसरश्मिट १०९ बांधण्याचा परवाना मिळाला. नमुन्यादाखल जर्मनी २५ विमानं सुट्या भागांत पाठवणार होता. सांगाडे आले, पण शेपट्यांशिवाय. आराखडे अपुरे आले आणि इंजिनं तर आलीच नाहीत, कारण युद्धात अडकलेल्या जर्मनीला ती स्वतःलाच पुरत नव्हती. स्पॅनिश अभियंत्यांनी हाती होतं ते इस्पानो-सुइझा इंजिन त्या नाकात बसवलं. विमान उडालं, पण समाधान झालं नाही. अखेर १९५४मध्ये १,६०० अश्वशक्तीचं मर्लिन आणि चार पात्यांचा पंखा बसला. त्या जाड नाकामुळे विमानाला 'बुचोन' नाव पडलं. बुचोन म्हणजे छाती फुगवणारं कबूतर.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३५मध्ये मेसरश्मिट १०९चा अगदी पहिला नमुना उडाला, तेव्हा जर्मन इंजिन तयार नव्हतं. त्या विमानात रोल्स-रॉईसचं केस्ट्रेल होतं. घराण्याचा पहिला पुरुष आणि शेवटचा वंशज दोघेही एकाच ब्रिटिश कारखान्याच्या इंजिनावर उडाले.

स्पेनच्या हवाई दलाने १९६५मध्ये बुचोन सेवेतून काढली. एरवी त्यांचं भंगारच झालं असतं. पण त्याच सुमारास ग्रुप कॅप्टन हॅमिश महॅडी हा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं चालवलेला अधिकारी चित्रपटासाठी विमानं शोधत फिरत होता. स्पिटफायर आणि हरिकेन बहुतेक ब्रिटनमध्येच धुंडाळून मिळाली. जर्मन बाजू मात्र जवळजवळ सगळी स्पेनमधून उभी राहिली. बुचोन तर मिळालीच, शिवाय तिथल्या हवाई दलाची हाइन्केल १११ जातीची बॉम्बफेकी विमानंही कामाला आली. स्पेनमध्येच परवान्याखाली बांधलेल्या त्या विमानांतही मर्लिनच होतं. १९६८मध्ये सेव्हिलच्या ताब्लादा तळावर चित्रीकरण झालं, म्हणजे बुचोन ज्या शहरात जन्मली त्याच शहरात.

मग सुरू झाली रंगभूषा, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १९४०च्या मेसरश्मिटच्या पंखांची टोकं बोथट होती, म्हणून बुचोनची गोल टोकं काढून टाकली. जुन्या विमानाच्या आडव्या शेपटीला खालून आधाराच्या दांड्या असत. बुचोनला त्यांची गरज नव्हती, तरी खोट्या दांड्या लावल्या. खोट्या बंदुका बसवल्या. नाक तेवढं बदलता येण्यासारखं नव्हतं. पानिपतानंतर उभ्या राहिलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाशी या विमानाची तुलना कुणी केली, तर मी ती मान्य करणार नाही. तोतयाचं त्या घराण्याशी नातं नव्हतं. बुचोन मेसरश्मिटच्याच रक्ताची आहे.

हे रक्ताचं नातं विमानागणिक जुळवणं हे अभ्यासकांचं काम, आणि ते चिकाटीचं आहे. एकेका विमानाच्या तीन ओळखी असतात: कारखान्याचा क्रमांक, स्पॅनिश हवाई दलाचा 'सी.४के'ने सुरू होणारा क्रमांक आणि ब्रिटनमध्ये आणताना मिळालेली नागरी नोंदणी. पडद्यावरच्या आकड्यावर तर विसंबताच येत नाही. प्रसंगाच्या गरजेप्रमाणे एकाच विमानावर वेगवेगळे आकडे रंगवले जात. म्हणून छायाचित्रं, नोंदवह्या आणि चित्रपटातली एकेक चौकट समोरासमोर ठेवावी लागते.

चित्रीकरण संपल्यावर कॉनी एडवर्ड्स या टेक्ससच्या वैमानिकाने मोबदल्यापोटी काही बुचोन घेतली आणि कित्येक दशकं आपल्या गोठ्यागत मोठ्या शेडमध्ये जपली. बाकीची संग्रहालयांत आणि खाजगी मालकांकडे पांगली. १९९०च्या 'मेम्फिस बेल'मध्ये आणि २०१७च्या 'डंकर्क'मध्ये मेसरश्मिट म्हणून पुन्हा तीच उडाली.

१९८०च्या दशकात जर्मनीत एका बुचोनचं मर्लिन काढून तिथे मूळ जातीचं डाइमलर-बेन्झ इंजिन बसवण्यात आलं. नंतर अशी आणखी काही विमानं तयार झाली. त्यांना आता मेसरश्मिट म्हणायचं की बुचोन, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मी त्यांना बुचोनच म्हणेन, कारण तो सांगाडा सेव्हिलच्या कामगारांनी घडवलेला आहे.