पूर फुटात मोजला, चिखल कुणी मोजला?

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती झालंय?" ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. १९२९ साली खुला झालेला हा पूल म्हणजे आमच्या गावाची मोजपट्टी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला पुन्हा ५० पार. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत.

पण पाणी उतरल्यावर घरं कशी रिकामी झाली, हा इतिहास कुठंच लिहिलेला नाही. तो आज थोडा लिहून ठेवतो.

आधी आपला पूर समजून घेऊ. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पाणी भिंतीसारखं आलं आणि काही तासांत ओसरलंही. आपली कृष्णा तशी नाही. वर कराडला कोयना मिळालेली, गावाखाली हरिपूरला वारणा, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. सगळ्या एकदम भरल्या की पुढचं पाणी सरकत नाही, मागचं फुगतं. उतारही कमी. त्यामुळं आपलं पाणी पावलापावलानं चढतं आणि इंचाइंचानं उतरतं. आठ-आठ दिवस घरात उभं राहतं, आणि उभ्या पाण्यातला गाळ निवांतपणे तळाला बसतो.

२००५ ला आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. मारुती चौकाजवळचं तळमजल्याचं घर कुलूप लावून विश्रामबागला मावशीकडं गेलो. पाणी पूर्ण गेल्याचं कळल्यावर, आणखी दोन दिवसांनी परत आलो. दार फुगून बसलेलं, ते तोडावं लागलं. आत घोट्याच्या वर गाळ. वरून सुकून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. फावडं मारलं की चिकटायचा. धुवायला पाणी पाहिजे, तर नळ कोरडे, कारण पाणी उपसणारी यंत्रणाच पुरात गेलेली. आठ दिवस घरात पाणी होतं आणि आता फरशी धुवायला बादलीभर मिळेना. ते घर साफ करायला आम्हाला अकरा दिवस लागले.

तेव्हा शेजारच्या अण्णांनी सुनावलं होतं, "पाणी गुडघ्याला असतानाच यायचं असतं रे. नदीनं आणलेला गाळ नदीच्याच पाण्यानं घालवायचा."

२०१९ ला तसंच केलं. वीज खांबावरूनच बंद असल्याची खात्री केली. गमबूट घातले, काठीनं चाचपत आत शिरलो, कारण साप-विंचवांनीही आपल्याच घरात आसरा घेतलेला असतो. मग खराट्यानं तळाचा गाळ ढवळत राहायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर उंबऱ्याबाहेर लोटायचा. वरच्या खोलीकडून दाराकडं, भिंतीकडून मध्याकडं. पाणी गेलं तेव्हा फरशी दिसत होती. उरलेलं काम चार दिवसांत संपलं.

अण्णांचं दुसरं सांगणं जुन्या वाड्यांबद्दल. तळघरातलं पाणी घाईनं पंपानं ओढायचं नाही. बाहेरची माती पाण्यानं फुगलेली असते, ती भिंतीला आत ढकलते. आतलं पाणीच त्या भिंतीला टेकू देत असतं. बाहेरचं पाणी उतरेल तसं आतलं थोडं थोडं काढायचं. पांढऱ्या मातीच्या कितीतरी भिंती पुरात उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर बसतात.

आता जे सांगायला इतकी वर्षं लागली ते सांगतो.

२०१९ ला चौथ्या दिवशी आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी आल्या, खराटा घेऊनच. दिवसभर आमच्या भांड्यांचा चिखल घासला. संध्याकाळी सहज विचारलं, "तुमच्याकडचं आवरलं का?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडं अजून कमरेएवढं हाय की."

त्या राहायच्या कर्नाळ रस्त्याकडं, सूर्यवंशी प्लॉटात. पाणी शिरतं तिथं सगळ्यात आधी आणि निघतं सगळ्यात शेवटी. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी लवकर यायला सांगितलं. त्याची लाज आजही वाटते.

त्या वर्षी सरकारी मदत मिळाली. शहरात १५ हजार, गावाकडं १० हजार. सुरुवातीला मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट होती, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. कागद विचारतो, पाणी किती दिवस होतं. चिखल किती दिवस होता, त्या काळात मजुरी किती बुडाली, हे कागद विचारत नाही. आपण घरातला गाळ रस्त्यावर लोटतो आणि 'घर साफ झालं' म्हणतो. रस्त्यावरच्या गाद्या, कपाटं, कुजलेलं धान्य उचललं ते आपल्या आणि बाहेरगावाहून आलेल्या सफाई कामगारांनी. लेप्टोची भीती असताना, कित्येकांनी साध्या चपलेवर. त्यांचा आकडा कुठल्याच पुलावर नाही.

म्हणून एक मागणी. प्रत्येक प्रभागात पूर येण्याआधी यादी व्हावी, कुठल्या गल्लीतलं पाणी सगळ्यात शेवटी निघतं याची. टँकर, खराटे, गमबूट आणि माणसं आधी तिथं जावीत. आणि आपणही आपलं घर आवरलं की खराटा ठेवून देऊ नये. आपल्याकडं कामाला येणाऱ्यांच्या घरी तो घेऊन जावा.

२०२१ ला मी गेलो होतो. मावशींनी आधी आतच येऊ दिलं नाही. मग म्हणाल्या, "या, पण चप्पल काढू नका."